सतरा नंबरची मरळ

चंदनबालाचा प्रबंध एका मरळीवर अडला होता, आणि ती मरळ तिनं स्वतःच्या हातानं कृष्णेत सोडून दिली होती. जैनाची लेक! मासा मारणं तिला जमणार नव्हतंच. सांगलीच्या घाटावर रमजानचाचाकडून जिवंत मरळी घ्यायच्या, शेपटीचा नखाएवढा तुकडा कापून नंबर टाकलेल्या बाटलीत ठेवायचा आणि हात जोडून मासा पाण्यात सोडायचा, ही बाईंची शास्त्रीय पद्धत.

तिचा विषय ऐकून नातेवाइकांना जांभया यायच्या. सांगताना तिला मात्र सुखानं डोळे मिटावेसे वाटायचे. पेशीत निकामी प्रथिनांचे तुकडे करणारं एक यंत्र असतं, प्रोटिअसोम. जबड्याचे पहिलेवहिले प्राणी पाण्यात फिरू लागले, त्या सुमारास कधीतरी त्याच्या एका जनुकाची जादा प्रत निघाली. मूळ प्रत रोजच्या कामाला राहिली, दुसरी रोगराईच्या दिवसांसाठी. पुढं या दुसरीच्याही दोन तऱ्हा झाल्या. शार्कपासून काही माशांपर्यंत दोन्ही टिकल्या, माणसात एकच उरली. मरळीत दोन्ही असतील का, एवढंच तिला बघायचं होतं. घाटावर पाय सोडून बसलं की तिला वाटायचं, कोट्यवधी वर्षं आपल्या घोट्यांपाशी संथ वाहतायत आणि आपल्याला कुठंच जायची घाई नाही.

माणसात न उरलेली ती तऱ्हा सतरा नंबरच्या मरळीत सापडली. साताऱ्याच्या कॉलेजातले तिचे मार्गदर्शक जयराज सर मात्र हुरळले नाहीत.

"नमुन्यात भेसळ झाली असेल. त्याच माशाचा तुकडा परत आण, नाहीतर प्रबंधातून हे प्रकरण गाळ."

चार वर्षांच्या कामाचा जीव त्या प्रकरणात होता. तोंड एवढंसं करून ती घाटावर आली. रमजानचाचा जाळं सांधत बसला होता.

"चाचा, शेपटी कातरलेली मरळ कधी जाळ्यात आली का हो?"

चाचाची सुई थांबली. "ताई, रागावू नका. लय आल्या. तुमी हितं सोडता, माझं जाळं खालच्या अंगाला असतंय."

"विकल्या?" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आवं न्हाई! तुमी हात जोडून सोडलेला जीव बाजारात कसा न्यायचा? आमच्या विहिरीत सोडल्या. आमची बायकू जैनब गांडुळं घालती त्यास्नी."

दुपारी ती विहिरीच्या पायरीवर उभी राहिली. हिरव्या पाण्यातून एकेक मरळ वर यायची, हवेचा घोट घ्यायची आणि परत खाली विरघळायची. एकूण तेवीस होत्या. शेपट्या भरून आलेल्या, त्यामुळं कुठली कोण हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून सगळ्यांचेच तुकडे घेतले. जैनबचाचीनं शिवणाच्या डब्यातले रंगीत दोरे आणून प्रत्येकीच्या पंखाला ओळखीपुरता एकेक बांधला. चंदनबालाला हे सगळं आपण स्वप्नात करतोय असंच वाटत होतं.

तुकडे तपासणीला पाठवल्यावर पंधरा दिवसांनी ती विहिरीपाशी उभी असताना सरांचा फोन आला. "निळ्या दोऱ्याची! जनुक तंतोतंत तेच. प्रकरण राहिलं तुझं. आता ती मरळच घेऊन ये. चिरून बघू, ते जनुक काम करतंय का."

तेही तिला जाणून घ्यायचं होतं. मनापासून हवं होतं. निळा दोरा पाण्याखाली हळूच वळला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, ती मी नदीत सोडली."

फोन ठेवला तेव्हा चाचा शेजारीच उभा होता. जीव मारायचा नाही तसं खोटंही बोलायचं नाही, असं तिच्या घरचं वळण होतं.

"चाचा, सरांशी खोटं बोलले मी. घमेलं घ्या! पळा!"

निळ्या दोऱ्याची मरळ धरून घमेल्यात घातली आणि दोघं घमेलं धरून नदीकडं धावत सुटले. पाण्यात उभं राहून तिनं दोरा सोडला. मरळ क्षणभर तिच्या तळहातावर थांबली, मग गेली.

"आता हिला धरू नका, चाचा."

"जाळं सकाळीच काढून ठेवलंय, ताई," चाचा धापा टाकत म्हणाला. "सांगा सायबास्नी, खरं झालं म्हणावं."