हातावरचं नाव

रेश्माच्या डाव्या हातावर मनगटापासून पार कोपराच्या अलीकडंपर्यंत रामकृष्णहरी गोंदलेलं होतं. ती सात वर्षांची असताना गावच्या सप्त्यात गोंदणारा मशीन घेऊन बसला होता, आणि तिच्या बापानं, केरबानं, तिला मांडीवर घेऊन ते काढून घेतलं होतं. पोर भोकाड पसरून रडत होती आणि हा शेजारच्यांना सांगत होता, की आता यमाचा दूत आला तरी वाचून माघारी जाईल.

केरबाचं असंच होतं. पाटणच्या वर, धरणानं उठवून डोंगराच्या अंगाला बसवलेल्या त्या वस्तीत चाळीस घरं. जमीन म्हणावी तर दगड. तो लोकांच्या गुरांमागं जायचा, पण एकादशीच्या कीर्तनाला बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा राहिला की वेगळाच माणूस. भक्ताला तापल्या कढईत टाकलं आणि तेल गार झालं, ती कथा लागली की त्याचे डोळे दरवेळी भरून यायचे. कथा पाठ होती, तरी.

रेश्मा बारावी होऊन घरी बसली होती. एका संस्थेनं डोंगरातल्या, गरिबाघरच्या पोरापोरींना परदेशात कामाला पाठवायची योजना काढली, तिच्यात तिचं नाव लागलं. सांगलीत वसतिगृहात राहायचं, सहा महिने जपानी भाषा शिकायची, मग तीन वर्षं जपानला वृद्धाश्रमात काम. म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, अंघोळ घालायची. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, एवढ्यासाठी इमानात बसायचं व्हय, आमच्या सासूला घाल की अंघोळ. पण त्याच बायका रेश्मा सुट्टीला आली की जपानी बोलून दाखव म्हणून दारात बसायच्या.

वसतिगृहात तिच्या खोलीत रहिमतपूरची फिरदोस होती, बांगड्या विकणाऱ्या जाफरभाईंची मुलगी. दोघी एकमेकींना शब्द पाठ करून घ्यायच्या. पाचव्या महिन्यात शिकवणाऱ्या प्रांजल मॅडमनी वर्गात सांगितलं, की जपानमध्ये अंगावर गोंदलेलं लोकांना खपत नाही, तिकडे ती गुंडांची खूण समजतात. कुणाच्या अंगावर असेल तर मला येऊन सांगा. रेश्मानं बाही खाली ओढली.

फिरदोसलाही एक काळजी होतीच, डोक्यावरच्या ओढणीची. ती त्याच दिवशी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि पाच मिनिटांत हसत परत आली. तिकडच्यांनी चालेल म्हणून कळवलं होतं, फक्त काम करताना सुटता कामा नये. ती रेश्माला म्हणाली, जा की तूपण, खाणार हाय का बाई तुला. रेश्माचे पाय उठले नाहीत. फॉर्म भरताना 'अंगावर खूण' या ओळीत तिनं फक्त गालावरचा तीळ लिहिला होता. आता सांगितलं तर लपवलं म्हणून नाव कापतील, असं तिला वाटलं. मेडिकल तपासणीही जवळ आली होती. तिनं घरी फोन केला.

केरबाचंही तेच मत पडलं. विचारायला जावं आणि आपल्याच हातानं बाहेर पडावं, असं त्यानं आयुष्यात कितीदा पाहिलं होतं. पुनर्वसनाच्या कागदाला असं झालं, घरकुलाला असं झालं. साहेबाला शंका दाखवली की साहेब फाईल खाली ठेवतो. म्हणून तो विचारायला गेला ते नानासोंकडं. नानासो फौजेतून हवालदार होऊन आलेले. वस्तीत अडचण कुठलीही असो, पोराच्या भरतीची किंवा बाईच्या पोटदुखीची, सल्ला त्यांचाच.

नानासो म्हणाले, गोंदण म्हंजे थेट अनफिट. त्यांच्या भरतीच्या वेळी एका गड्यानं बिब्बा लावून दंडावरचं नाव उडवलं होतं आणि पुढं तो सुभेदार होऊन निघाला. "आठ दिस आग हुती, मग खपली पडती. मेडिकलला पंधरा दिस हायत नव्हं? मग झालं की, गड्या."

बिब्बे काय, मागच्या डोंगरात पडलेले असतात. पायाला काटा मोडला, भेग पडली, की सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि तेल टेकवायचं, हे घराघरात चालतं. पण ते थेंबभर. रेश्मा शनिवारी घरी आली आणि रविवारी सकाळी केरबानं अंगणात पाट मांडला. तिची आई रंगूबाई उंबऱ्यातनं हलेना.

"देवाचं नाव जाळाय निगालाय व्हय?" ती म्हणाली. "आवं, कुठं फेडशीला हे?"

"नाव हातावं नस्तंय, जिभंवर अस्तंय," केरबा म्हणाला. "तिथलं कोन पुसतंय?"

बोलला खरा, पण पहिला बिब्बा ज्योतीवर धरायच्या आधी त्यानं पायातल्या वहाणा काढून ठेवल्या. प्रत्येक अक्षरावर तेल टेकवताना तो तेच अक्षर तोंडानं म्हणत होता. कढईतलं तेल गार करणारा आपल्या लेकराला कसा जाळील, एवढाच भरवसा धरून त्यानं पुरे नऊ बिब्बे संपवले. वरनं चुना लावला. रेश्मानं ओठ दाबून धरले होते. तिला जपानला जायचं होतं. या अंगणातनं दुसरी वाट निघत नव्हती, हे तिला बापापेक्षा जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत फुगला. फोड आले, फुटले, पाणी वाहू लागलं. चौथ्या दिवशी तोंड सुजून डोळे मिटले आणि ताप चढला. पाटणच्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली. अक्षरं गेली, पण त्यांच्या जागी लालभडक जखम राहिली आणि तिच्या कडांना पू धरला. केरबा रोज सकाळी कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी उकळून, निववून, तिचा हात धुवायचा आणि धुतल्या धोतराची पट्टी बांधायचा. नानासो येऊन बघून गेले. त्या गड्याचं एवढं झालं न्हवतं, म्हणाले.

मिरजेला मेडिकल झालं. डॉक्टरांनी मनगट वाकवायला सांगितलं, ते अर्धं वाकलं. जखम खोल आहे, भरताना कातडी ओढणार, वर्षभर तरी या हातानं माणूस उचलायचा नाही, असं त्यांनी लिहून दिलं. प्रांजल मॅडम कागद घेऊन बाकावर तिच्या शेजारी येऊन बसल्या. हे कशानं झालं, त्यांनी विचारलं. रेश्मानं सांगितलं. मॅडमनी कागदाची घडी घातली.

"अगं, कातडीच्या रंगाची पट्टी मिळते," त्या म्हणाल्या. "वर लांब बाही. गेल्या बॅचमधली एक मुलगी तशीच काम करते तिकडे. मला एकदा विचारायचं होतंस ना."

तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. योजना पुढच्या वर्षी राहणार की नाही, ते मॅडमनाही ठाऊक नव्हतं. फिरदोस निघाली त्या दिवशी रेश्मा सांगलीच्या स्टँडवर तिला सोडायला गेली. जाफरभाईंनी तिच्याही हातात खजुराचा पुडा दिला आणि एसटीच्या पाटीकडं बघत राहिले.

घरी बाप अंगणातच उभा होता. जागा गेल्याचं त्याला कळलं होतं. त्यानं एकच विचारलं. "हातामुळं न्हाई नव्हं, पोरी?"

"न्हाई आबा. जागाच कमी झाल्या."

केरबानं तिथल्या तिथं हात जोडले. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

रेश्माला वाटलं, हे खोटं एवढ्यावर मिटलं. हातासाठी तिनं आपल्या मनात बापाला दोष दिला होता, रात्रंदिवस दिला होता, पण तोंडावर आणला नव्हता. आणायचाही नव्हता.

महिन्याभरानं एकादशी आली. देवळात कीर्तन उभं राहायला अवकाश होता, बुवा चहा घेत होते. वस्तीतल्या अर्जुनाचा पोरगा शिवतेज पेढे वाटत होता. त्यालाही त्याच संस्थेकडनं जपानला शेतीकामाचं बोलावणं आलं होतं, आणि त्याच्या मनगटाच्या आत 'आई' गोंदलेलं होतं. नानासो खांबाला टेकून त्याला बिब्ब्याचं सांगत होते. शिवतेजनं केरबाकडं बघितलं.

"भिऊ नगं," केरबा म्हणाला. टाळ त्याच्या गळ्यात होते. "आमच्या रेश्माला जरा लय लागलं, पन तिचं काय त्येच्यामुळं अडलं न्हाई. दोनच अक्षरं तुजी. उद्या सकाळी ये, मी लावतो."

रेश्मा बायकांत बसली होती. ती उठून पुरुषांच्या बाजूला आली, तेव्हा आई तिचा पदर ओढत राहिली. तिनं पट्टी सोडली आणि हात शिवतेजच्या पुढं धरला. खपलीखाली कातडी गोळा होऊन चकाकत होती.

"ह्याच्यामुळंच गेलं माजं," ती म्हणाली. "नुसती पट्टी लावून चाललं असतं. मॅडमला फोन कर आदी. कुनाकडनं काय लावून घिऊ नगंस."

नानासोंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. केरबा तिच्या हाताकडं बघत होता, रोज धुतलेल्या त्याच हाताकडं, पहिल्यांदाच दिसल्यासारखा. बुवांनी कप खाली ठेवला, वीणेकऱ्यानं तार छेडली, आणि टाळकरी उठून ओळीनं उभे राहिले. केरबानं गळ्यातले टाळ काढून शेजारच्याच्या हातात दिले आणि तो देवळाबाहेर गेला.

सकाळी लिंबाच्या पाल्याचं पाणी रंगूबाईनं उकळलं. केरबा गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली बघत बसला होता. रेश्मा परात घेऊन त्याच्यासमोर बसली आणि तिनं डावा हात पुढं केला.

"आबा, बांधा की."

"माज्या हातानं नगं आता," तो म्हणाला.

ती उठली नाही. पाणी निवत चाललं होतं. तिनं हात तसाच त्याच्यापुढं धरून ठेवला.