कांबळ्यात गुंडाळलेलं पातेलं

"विषच घातलंय त्या म्हाताऱ्या स्वयंपाक्यानं. तुम्ही फक्त सही करा," तुरुंगाधिकारी म्हणाले.

बावीस वर्षं मी लोकांचं अन्न तपासतेय. 'फक्त सही करा' म्हणणारा भेटला की माझं डोकंच फिरतं. एकशे चाळीस कैदी आजारी, त्यातले दोन म्हातारे दगावलेले, आणि या गृहस्थांना सही हवी.

"आधी स्वयंपाकघर दाखवा," मी म्हटलं.

स्वयंपाकी कैदीच होता. सगळे त्याला काका म्हणत. चौदा वर्षं भोगून शुक्रवारी सुटणार होता. विष ठरलं की सुटका बोंबलली.

भांडी लख्ख होती, त्याची नखं कापलेली होती. नावं ठेवायला जागा नाही. मी चक्रावलेच.

"मटणाचा रस्सा कधी होतो?"

"दोनला उतरवतो, बाई. तीनला चुली बंद, साडेतीनला आम्ही कोठडीत. सातला शिपाई वाढतात."

"म्हणजे पाच तास तसाच पडून?"

"तसाच कसा?" त्याला रागच आला. "माझी दोन कांबळी आहेत ना. पातेल्याला गच्च गुंडाळतो. थंडी पडल्यापासून रोज. ते दोघं म्हातारे, तोंडात दात नाहीत, गार चरबी गिळवेना त्यांना. आता सातलासुद्धा कोमट असतं. विचारा कुणालाही."

 प्रयोगशाळेचा अहवाल माझ्या पिशवीतच होता. त्यात विष नव्हतं. शिजवूनही मांसात तग धरणारे जंतू होते, आणि मांस तासन् तास कोमट राहिलं की ते भराभर वाढतात. काकानं अंगावरचं पांघरूण काढून त्या जंतूंनाच ऊब दिली होती. 

"विष नाही," मी अधिकाऱ्यांना म्हटलं. "दोष तुमच्या वेळापत्रकाचा आहे, आणि मी तसंच लिहिणार. काकांना शुक्रवारी सोडा."

त्यांचं तोंड उतरलं. काका मात्र हलला नाही.

"मग गेले कशानं ते?"

काहीतरी थाप मारावी असं फार वाटलं. पण या माणसाशी चौदा वर्षांत कोण धड बोललं असेल? मी सगळं सांगितलं.

"गार दिलं असतं तर?"

"वाचले असते, काका."

तो भिंतीला टेकत हळूहळू खाली बसला. 

"बाई, शुक्रवारी मी नाही गेलो तर चालेल?"

तो उत्तरासाठी थांबला होता. मी पातेल्याशेजारचं त्याचं कांबळं उचललं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं.