लहान मुलांना आत आणू नये

सकाळचे दहा वाजत आले की प्रियदर्शनीच्या घरात रोज तीच झटापट सुरू व्हायची. सात महिन्यांचा ऋतुराज वाटी-चमच्यातलं दूध जिभेने बाहेर ढकलायचा, आणि त्याची आजी गिरिजाबाई पदराने त्याची हनुवटी पुसत पुन्हा चमचा पुढे करायच्या. आईच्या अंगावर पिणारं लेकरू, त्याला चमचा कशाला आवडेल!

"अगं, दुपारी मी रिक्षानं घेऊन येते की त्याला शाळेत. दहा मिनिटं पाज, मी परत आणते," गिरिजाबाई म्हणायच्या. लेकीच्या अडचणीला म्हणून त्या मोहोळचं घर सोडून आल्या होत्या.

"नको गं आई. लोक काय म्हणतील?" एवढं बोलून प्रियदर्शनी चपला घालायची. जिना उतरताना मागून रडणं ऐकू यायचं. ती वळून बघायची नाही. वळली असती तर पाय निघाला नसता.

मोहोळजवळच्या शहरात, भवानी पेठेतल्या शाळेत ती मुख्याध्यापिका होऊन तीनच महिने झाले होते. बाळंतपणाची रजा संपली त्याच आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं होतं. नवरा कुमार पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. पत्र देताना संस्थेचे सचिव आबासाहेब म्हणाले होते, "बाळ लहान हाय तुमचं. जमंल ना? उद्या कारणं सांगायची न्हाईत."

"एकही कारण सांगणार नाही, सर," ती म्हणाली होती.

हा शब्द तिने जिवापाड पाळला. दुपारी छाती भरून यायची, साडी ओली व्हायची. मग ती ऑफिसच्या दाराला कडी लावून दूध एका वाटीत पिळायची आणि मोरीत ओतायची. तिकडे लेक उपाशी, इकडे त्याचं दूध मोरीत. पण शाळेत याचा पत्ता कुणालाच नाही, असं तिला वाटायचं आणि त्याचा तिला अभिमानही होता.

जानेवारीत एक प्रसंग घडला. शाळेतल्या शिक्षिका सोनम मॅडमच्या सासूबाई मधल्या सुट्टीत नातवाला पाजायला घेऊन आल्या आणि नेमके त्याच वेळी आबासाहेब फाटकातून आत शिरले. संध्याकाळी त्यांनी फोन केला. "मॅडम, शाळा हाय का पाळणाघर? का आता मोठ्या बाईच लेकुरवाळ्या, म्हणून सगळ्यांना मोकळीक?"

दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली. 'लहान मुलांना शाळेच्या आवारात आणू नये. हुकमावरून.' सोनम मॅडमने पाटी वाचली आणि मान खाली घालून वर्गात गेली. प्रियदर्शनीला तिच्याकडे बघवलं नाही. तरी मनात एक गोष्ट पक्की होती, की आता तिच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा होती. केंद्र त्याच शाळेत. सगळ्यांची आशा होती पायलवर. गणित फळ्यावर लिहून होईतो या पोरीचं उत्तर तयार असायचं.

पेपर सुरू व्हायच्या थोडं आधी प्रियदर्शनी वरच्या मजल्यावरच्या खिडकीत उभी होती. फाटकाशी डोक्यावरून ओढणी घेतलेली कुणीतरी मुलगी उभी दिसली, कडेवर बाळ. शिपाई रामहरी तिला पाटी दाखवत होता. मुलगी बराच वेळ तिथेच घुटमळली. मग निघून गेली. कुणाची तरी बहीण असेल, प्रियदर्शनीला वाटलं. नियम पाळला जातोय, असंही वाटलं. तेवढ्यात गिरिजाबाईंचा फोन आला, की ऋतुराजने सकाळपासून घोटभरही घेतलेलं नाही. ती काय करणार होती? परीक्षा सोडून जाता येत नव्हतं.

सोमवारी हजेरीचा कागद समोर आला. पायल गैरहजर.

प्रियदर्शनीला संताप आला. एवढी हुशार पोर, आणि घरच्यांना काही पडलेली नाही! तिने पालकांना पत्र लिहिलं, 'आपल्या निष्काळजीपणामुळे पाल्याची शिष्यवृत्तीची संधी वाया गेली आहे,' आणि काशम्माला हाक मारली. काशम्मा शाळेतली सर्वांत जुनी सेविका. विणकराच्या घरातली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. पायलच्याच गल्लीत राहायची.

"हे पायलच्या घरी द्यायचं."

"काय लिवलंय, मोठ्या बाई?"

प्रियदर्शनीने वाचून दाखवलं. काशम्माने हात मागे घेतला.

"ही चिठ्ठी मी न्हाय नेणार."

"का?"

"पोरगी आली व्हती की काल. पेपराच्या आधी आली व्हती. कडंवर भाऊ हाय म्हणून रामहरीनं आत सोडलं न्हाय. त्याचा काय दोष? पाटी तुमचीच हाय."

खिडकीतून दिसलेली ओढणी प्रियदर्शनीच्या डोळ्यांपुढे आली. तिने कशीबशी विचारणा केली, "पण भावाला घरी कुणाकडे तरी..."

"कुणाकडं? आजी, दगडाबाई, खाटंवर पडलीय. महिना झाला, खुब्याचं हाड मोडलंय. तवापासनं पोरगी शाळंत तरी कुठं धड येते? आई गणवेश शिवायच्या कारखान्यात. आता सीझन हाय, रविवारची सुट्टी बंद. बाप ट्रकवर. पोरीला वाटलं, काशम्मा मावशी धरंल दोन तास. अन् मी मेली वरच्या मजल्यावर पाणी देत व्हते. मला कळलं तवा पेपर सुटला व्हता."

प्रियदर्शनीने हातातलं पत्र टेबलावर ठेवलं.

"एक बोलू का, बाई? मी अडाणी हाय. पण तीस वर्सं या शाळंत काढली. तुमी रोज दार लावून काय करता ते मला ठाऊक हाय. मोरी मीच धुते. आईचं दूध मोरीत जातंय, अन् लेकरू तितं चमच्याला तोंड मुरडत आसंल. ह्यात कुणाचं भलं झालं? ती पाटी तुमी शाळंसाठी लावली व्हय? साहेब काय म्हणतील म्हणून लावली. तुमी भ्यालात साहेबांना, अन् माघारी गेली पायल."

प्रियदर्शनीने पत्र फाडलं आणि दुपारी काशम्माबरोबर पायलच्या घरी गेली.

एका खोलीचं घर. खाटेवर दगडाबाई कण्हत होती. पायल भावाला मांडीवर घेऊन भात भरवत होती. मोठ्या बाईंना बघून ती घाईने उठली.

"बाई, मी आले होते," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, फक्त खुलासा होता. "तो रडत नाही जास्त. मागच्या बाकावर झोपवलं असतं. पण पाटी वाचली. मग वाटलं, आपलंच चुकलं."

प्रियदर्शनीने त्या बाळाला उचलून घेतलं. तिच्या ऋतुराजएवढाच होता. अंगाला अंग लागलं आणि तिला पान्हा फुटला. चार जणांपासून लपवत आलेली गोष्ट पदरावर पसरली. तिने आज ती झाकली नाही.

शाळेत येऊन तिने परीक्षेच्या कार्यालयात फोन केला. विनंती केली, पुन्हा केली. पलीकडचा माणूस सभ्य होता. "मॅडम, फेरपरीक्षा नसते. आमच्या हातात काही नाही." आठवी आयुष्यात एकदाच येते. प्रियदर्शनीने फोन ठेवला. सही करायचा अधिकार होता, शिक्का होता, खुर्ची होती. त्यातलं काहीही पायलच्या कामाचं नव्हतं.

त्या संध्याकाळी रामहरीने तिच्या सांगण्यावरून पाटी काढली. दुसऱ्या दिवशी ती आबासाहेबांच्या घरी गेली.

"सर, मी कारण सांगायला आलेय," ती म्हणाली. "माझं बाळ मला दुपारी पाजायचंय. सोनम मॅडमना त्यांचं पाजायचंय. आणि एका मुलीची परीक्षा माझ्या पाटीमुळे बुडाली. खालची चित्रकलेची जुनी खोली रिकामी आहे. ती मला बाळांसाठी हवी आहे."

आबासाहेब चिडले. "मी आधीच म्हणलं व्हतं, जमायचं न्हाई. उद्या सगळा गाव लेकरं आणून टाकील."

"आणली तर बघू, सर. पण लेकरामुळे कुणी शाळेच्या दारातून परत जाणार नाही. हे पटत नसेल तर मला तसं लेखी द्या."

त्यांनी लेखी काही दिलं नाही. होकारही दिला नाही. "पुढच्या सभेत बघू," म्हणाले. सभेत काय होईल ते प्रियदर्शनीला ठाऊक नव्हतं, आजही नाही. पण खोली तिने झाडून घेतली. सतरंजी सोनम मॅडमने आणली. गिरिजाबाई शाळेच्या वेळेत ऋतुराजला घेऊन येऊ लागल्या आणि पायलच्या भावालाही सांभाळू लागल्या. पायल पुन्हा रोज वर्गात बसू लागली.

सगळं मात्र भरून आलं नाही. महिनोन्‌महिने दूध वाया घालवल्यावर ते आता आटत चाललं होतं. ऋतुराज दोन घोट ओढायचा, मान फिरवायचा आणि आजीकडे हात पसरायचा. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करा, पण खात्री नाही.

मार्चमध्ये एकदा पायल ऑफिसात आली. "बाई, तो शिष्यवृत्तीचा पेपर मिळेल का? घरी सोडवून बघते."

प्रियदर्शनीने दिला. चार दिवसांनी पायलने सोडवून आणला. प्रियदर्शनीने समोर बसवून तपासला. जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर होती. लाल पेन हातात धरून ती त्या कागदाकडे बघत राहिली.

"चुकलं का काही, बाई?" पायलने विचारलं.

"तुझं नाही गं," ती म्हणाली. "माझं चुकलं होतं."

वाचकहो, आई नोकरीला निघाली की आपण तिला सहज म्हणतो, घरचं घरी ठेवून ये. पण दूधपितं लेकरू काही कपाटात ठेवून येता येत नाही. ते कुणाच्या तरी कडेवर असतंच. आईच्या कडेवर राहू दिलं नाही, तर म्हाताऱ्या आजीच्या जातं, नाहीतर तेरा वर्षांच्या बहिणीच्या. आणि जिच्या कडेवर जातं तिची वाट तिथेच खुंटते. म्हणून आपल्या ऑफिसात, शाळेत, कारखान्यात एखादी बाई लेकरू घेऊन आली, तर तिला आधी आत घ्या आणि बसायला जागा द्या. नियमाचं नंतर बघता येईल. दारातून परत गेलेल्या पोरीची आठवी मात्र नंतर आणता येत नाही.