साडेसहा मिनिटांचं दार

मिस्त्रीचं दार कुरकुरत नाही, ओलीनं फुगत नाही आणि चोराला दाद देत नाही, असं लोक म्हणायचे. लोक म्हणायचे विसरले तर मिस्त्री स्वतः आठवण करून द्यायचा. तीस वर्षांत आसपासच्या निम्म्या घरांना त्याच्या हातची दारं बसली होती आणि रस्त्यानं जाताना तो माणसांआधी दारांची विचारपूस करायचा.

गेल्या आठ महिन्यांत मात्र त्यानं एकही दार केलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "हात दुखतो हो." त्याच हातानं तो स्टुलं करत होता, कपाटं करत होता, एकानं तर त्याच्याकडून आठ फुटी पलंगही करून नेला. म्हणजे दुखणं फक्त दारापुरतंच होतं. बायकोला सगळं दिसत होतं, पण तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

कारण होतं ताईचं. ताई म्हणजे मिस्त्रीची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई सतरा. तिनंच त्याला न्हाऊ-माखू घातलं, धपाटे घातले, सुतारकामाला लावलं. आता तो अठ्ठावन्नचा झाला, तरी ती त्याला 'धाकट्या' म्हणूनच हाक मारायची. ती दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. शेजारच्या इमारतीत चोरी झाली तेव्हा मिस्त्रीनं तिच्यासाठी खास दार केलं. अस्सल सागवान, चारही बाजूंच्या पट्ट्या हाताच्या पंजाएवढ्या रुंद, आणि आतून आडवा टाकायचा जाडजूड अडसर. "हत्ती आला तरी उघडायचं नाही," तो म्हणाला होता.

एका सकाळी हत्ती नाही, आगीचा बंब आला. ताईला स्वयंपाकघरात झटका आला होता आणि ती जमिनीवर पडली होती. दुधाची पिशवी दाराबाहेर तशीच पाहून शेजारणीनं बंबाला आणि मिस्त्रीला फोन केला. बंबवाले चार मिनिटांत पोचले, पण दार उघडायला त्यांना साडेसहा मिनिटं लागली.

ताई वाचली. उजवा हात मात्र लुळा पडला, उजवा पाय ओढत चालू लागली, आणि शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी फिरू लागले. तेव्हापासून ती धाकट्याकडे होती. आता काठी टेकत ती घरभर फिरायची. सकाळ-संध्याकाळ मदतीला बाई ठेवली तर स्वतःच्या घरी राहायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. त्याच दिवशी ताईनं डाव्या हातानं पिशवी भरली आणि पलंगाशी ठेवली. रोज सकाळी ती काठीनं पिशवीला टोचायची आणि भावाकडे बघायची.

"हो ताई, बघू," मिस्त्री म्हणायचा आणि बाहेर पडायचा. बायको वन्संच्या पिशवीवरची धूळ झटकून ती पुन्हा जागेवर ठेवायची.

कारण ताईच्या घराला दारच नव्हतं. फुटलेल्या चौकटीवर मिस्त्रीनं प्लायवुड ठोकून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणाकडून दार करून घ्यायला ताई तयार नव्हती आणि मिस्त्रीचा हात चालत नव्हता. त्या सकाळी जिन्यात काय झालं ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

अशात एक दिवस मुख्याध्यापिकाबाई दुकानात आल्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण समोरचा प्रत्येक माणूस बाईंना अजून विद्यार्थीच वाटायचा.

"येत्या रविवारी मैदानात कार्यक्रम आहे," त्या म्हणाल्या. "बंबवाले, रुग्णवाहिकेवाले, सगळ्यांचे आभार मानायचे आहेत. ही माणसं आपल्यासाठी धावतात आणि आपण साधा चहा विचारत नाही. तुम्ही लाकडाची बारा सन्मानचिन्हं करायची. नावं कोरून. स्पेलिंगच्या चुका चालणार नाहीत."

"बाई, माझा हात..."

"कपाट करताना दुखत नाही वाटतं?"

नाही म्हणायची सोयच नव्हती. नावांची यादी आणायला मिस्त्री नाइलाजानं बंबाच्या ठाण्यावर गेला. आठ महिने तो त्या रस्त्यानं गेला नव्हता.

ठाण्याच्या मागच्या अंगणात सराव चालला होता. लोखंडी चौकटीत एक पत्र्याचं दार उभं केलं होतं, ठोकून ठोकून पार पोचे आलेलं. ताडमाड उंचीचा एक जवान पहार घेऊन कुलपाशी भिडला आणि दार लगेच उघडलं. मिस्त्रीनं त्याला ओळखलं. त्या सकाळी पहार यानंच चालवली होती. त्यानं मात्र मिस्त्रीला ओळखलं नाही. जिन्यात उभ्या असलेल्या माणसांची तोंडं बघायला त्याला तेव्हा सवड कुठे होती?

"छान उघडलंत की," मिस्त्री काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"यात काय छान? तीन वर्षं हेच दार. आता ते मला बघून स्वतःच उघडतं." जवानानं घाम पुसला. "खरी दारं अशी कुठे असतात काका? मागे एक दार लागलं होतं. कुलूप तोडलं तरी हलेना. साडेसहा मिनिटं. आत आजी पडलेल्या होत्या. अजून कधीकधी झोपेत मी तेच दार ठोकत असतो."

मिस्त्रीनं हातातल्या यादीची घडी घातली.

"आजींचं पुढे काय झालं?" त्यानं विचारलं. आपण हे का विचारतोय ते त्याला कळेना.

"आम्हाला कोण सांगतंय? दवाखान्याच्या दारात सोडायचं आणि मागे फिरायचं. पुढचं आम्हाला कधीच कळत नाही. बऱ्या असतील, असं मी आपलं धरून चालतो."

मिस्त्रीनं यादी खिशात घातली. 'ती माझ्या घरी आहे, काल तिनं दोन पोळ्या खाल्ल्या,' एवढं सांगायला काय लागत होतं? पण ते सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. तो तसाच चालू लागला.

त्या दुपारी बायकोला दुकानातून रंध्याचा आवाज आला. स्टुलावर रंधा तोकडा चालतो, दारावर लांब. तिनं कान दिला. आवाज लांब होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. तिनं चहा ठेवला आणि कप घेऊन जाताना वन्संच्या खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं. ताई पलंगावर ताठ बसून ऐकत होती.

रविवारी मैदानात लाल बंब आणि पांढरी रुग्णवाहिका उभी राहिली. पोरं बंबावर चढली आणि उतरायचं नाव घेईनात. बाई माईक धरून त्यांना शिस्त लावत होत्या. तेवढ्यात मिस्त्रीचा हातगाडा आला. गाड्यावर चौकटीसकट एक अख्खं दार आडवं होतं आणि बाजूला पातळ फळ्यांची थप्पी. मागून भावजयीच्या हाताला धरून ताई.

"मिस्त्री," बाईंचा आवाज चढला, "मी सन्मानचिन्हं सांगितली होती. तुम्ही दार आणलंत?"

"बाई, चिन्ह भिंतीवर टांगून ठेवतात. हे फोडायला आणलंय."

बाईंनी दार वरून खाली निरखलं आणि पोरांना मागे सरकायला सांगितलं.

चार जणांनी दार उभं करून मागून टेकू दिले. हुबेहूब ताईचं दार. मिस्त्रीनं आतून अडसर टाकला. ताडमाड जवान पुढे आला, दार पाहून जागीच थबकला, आणि मग त्यानं मिस्त्रीकडे नीट पाहिलं.

"हेच ते," तो हळूच म्हणाला.

"हेच. आता कुलपाकडे जाऊ नका." मिस्त्रीला माईक नको होता, पण त्याचा आवाज सगळीकडे पोचत होता. "माझ्या दाराच्या पट्ट्या जाड असतात, त्यांना मारून उपयोग नाही. पण मधली फळी बघा. ती नुसती खाचेत सरकवलेली असते. आत खिळा नाही, सरस नाही. लाकूड ओलीनं फुगतं, त्याला हलायला जागा लागते म्हणून. इथे खालच्या कोपऱ्यात मारा, आत हात घाला, अडसर उचला. मी केलेल्या प्रत्येक दाराचं हेच आहे."

तीस वर्षं पोटात ठेवलेलं गुपित त्यानं भर मैदानात सांगून टाकलं. ज्यांच्या घरी त्याची दारं होती त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

जवानानं पहार उचलली. पहिल्या घावाला फळी तडकली, दुसऱ्याला आत गेली. हात आत, अडसर वर, दार उघडं. कुणीतरी घड्याळ लावलं होतं. "चौदा सेकंद!" पोरांनी टाळ्या पिटल्या.

जवान मात्र हसला नाही. "काका, त्या दिवशी तुम्ही जिन्यात होतात का?"

मिस्त्री उभा होता. सबब तयार होती. गर्दी होती, गडबड होती, मी उशिरा पोचलो. लोकांनी ती मानलीही असती. त्यानं ताईकडे पाहिलं आणि सबब गिळली.

"होतो," तो म्हणाला. "तुमच्या मागोमागच पोचलो होतो. तुम्ही पहिला घाव घातलात आणि दार हललं नाही. तेव्हा मला..." त्यानं फुटलेल्या फळीकडे पाहिलं. "तेव्हा मला बरं वाटलं. बघा म्हटलं, माझं दार! आत माझी बहीण पडलेली, आणि माझी छाती फुगली. मग भान आलं, तर तोंडच उघडेना. फळीवर मारा, एवढंच सांगायचं होतं. तेवढं सांगायला मी आठ महिने लावले."

बाईंनी माईक खाली केला. मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

जवान म्हणाला, "आम्हीही विचारलं नाही ना काका, दार कुणी केलंय म्हणून. आता आधी विचारू." मग त्याची नजर काठी टेकत येणाऱ्या म्हातारीवर गेली आणि त्याच्या लक्षात आलं. "या... या त्याच आजी?"

ताई पाय ओढत दारापाशी आली. तिनं काठी दाराशी ठेवली, डाव्या हातानं जवानाचा हात धरला आणि आपल्या गालावर टेकवला. एवढा उंच गडी, पण तिच्यासाठी वाकला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग ती भावाकडे वळली. ओठ हलले, शब्द आला आणि परत गेला. तिनं फुटक्या फळीच्या कडेवरून बोटं फिरवली.

"चांगलं," ती म्हणाली. दम घेतला. "चांगलं... होतं... दार."

आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसली. लहानपणी त्यानं केलेला वाकडा पाट बघून हसली होती, तशीच.

मिस्त्रीनं दार आणि फळ्यांची थप्पी ठाण्याला दिली. "फळी फुटली की नवी सरकवा. संपल्या की निरोप पाठवा." सन्मानचिन्हांचं तेवढं राहिलंच. बाईंनी त्यासाठी त्याला पंधरा दिवसांची मुदत दिली, एक दिवस जास्त नाही.

त्याआधी त्याला दुसरं काम होतं. दुसऱ्या आठवड्यात ताईच्या घराला नवं दार बसलं आणि सकाळ-संध्याकाळ मदतीला एक बाईही ठरली. तसंच सागवान, तशाच पट्ट्या. अडसराऐवजी आतून साधी कडी लावली आणि फळी तेवढी आणखी पातळ ठेवली. बायकोनं पिशवी आत नेली, गॅस पाहिला, दूध तापवून ठेवलं आणि खाली उतरली. मिस्त्री दाराबाहेर उभाच होता.

दार मिटलं. आवाज झाला नाही. मग आतून कडी सरकली.

तो हलेना. आतून काठीची टकटक स्वयंपाकघराकडे गेली, थांबली, परत दाराकडे आली.

"ताई?" त्यानं हाक मारली.

ती शब्द जुळवत असणार हे त्याला ठाऊक होतं. तो दाराला कान लावून थांबला.

"धाक..." आतून आलं. मग सबंध हाक आली, आठ महिन्यांत पहिल्यांदा. "धाकट्या. जा... घरी."

"जातो," मिस्त्री म्हणाला. जाता जाता त्यानं खालच्या कोपऱ्यातली फळी अंगठ्यानं हळूच दाबून पाहिली. ती खाचेत जराशी हलली. मग तो जिना उतरला.