आईच्या तळहातापर्यंत

“आई, तुला ऐकू येत नाही, मग मी लाली वाजवतोय हे तुला कळतं कसं?”

पेनाईआ लहानपणी हे सारखं विचारायचा. आई त्याच्या ओठांकडे बघायची, हसायची आणि भाजलेल्या कसावा-कंदाचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबायची. उत्तर त्याला कुणीच दिलं नाही.

ती लाली मीच. कदावू बेटावरच्या वेसी नावाच्या झाडाचं कोरलेलं खोड. वर लांब फट, आत पोकळी. दोन दांडक्यांनी मला बडवलं की गाव प्रार्थनेला जमतं.

दांडकं बसलं की माझं अंग थरथरतं. ती थरथर शेजारच्या हवेला ढकलते, ती हवा पुढच्या हवेला. हवा हलून जागच्या जागीच राहते. पुढे जातो तो नुसता धक्का. लाट आली की नांगरलेली होडी वर जाते, खाली येते, तिथंच राहते. पण लाटेतला जोर पुढे जाऊन प्रवाळाच्या कड्यावर आदळतोच ना? तसंच. आणि लाकडातून तर हा धक्का हवेपेक्षाही जलद धावतो. मी ओसरीवर दोन ओंडक्यांवर असते. त्यातला एक घराच्या खांबाला टेकलेला. त्याच खांबावर आईचा तळहात असायचा.

पेनाईआ मोठा झाला आणि गावासाठी मला वाजवायचं काम त्याच्याकडे आलं. धाकटा कितिओने त्याला छळायचा.

“दादा, हळू! मासे पळाले तर खाणार काय, तुझी दांडकी?”

“तुझ्या जाळ्यातून पळायला आधी ते त्यात यायला तर हवेत!”

एका सकाळी पेनाईआ समुद्रावर गेला आणि वादळात सापडला. होडी परत मिळाली. तो नाही.

दुखवटा सरेपर्यंत मी गप्प राहायचं, ही गावाची रीत. तोमासी काकांना वाटलं, गेलेल्या माणसाची वस्तू उघड्या ओंडक्यांवर कशी ठेवायची? घरातल्या उत्तमोत्तम चटया त्यांनी माझ्याखाली घातल्या, थरावर थर. मायेनंच घातल्या. आई मात्र रोज खांबावर हात ठेवून बसायची.

दुखवटा संपला. काका म्हणाले, “वाजव रे कितिओने. आता हे काम तुझं.”

“माझं नाही. दादाचं आहे.”

“आईकडे बघ तरी.”

त्यानं दांडकी उचलली. भद्. भद्. आईनं मान हलवली.

“काहीच येत नाही रे,” ती म्हणाली. “पेनाईआचं यायचं.”

कितिओनेनं दांडकी भिरकावली. “ऐकलंत काका? तो गेला आणि या लालीचा आवाजही घेऊन गेला!” त्यानं मला बुक्की मारली आणि माझ्या अंगावरच कोसळून रडायला लागला. तेव्हा त्याच्या गालाला माझी थरथर लागली. तो थबकला. मला पुन्हा थापटून त्यानं चटईवर हात ठेवला. तिथं काहीच नव्हतं.

“या चटया खातायत सगळं!”

“अरे, दुखवट्याच्या चटया त्या! अशा ओढू नयेत!”

“काका, बोलू नका. दुसरं टोक धरा!”

उघड्या ओंडक्यांवर मी पुन्हा बसले. कितिओने डोळे पुसत वाजवायला लागला. आईनं दुसराही हात खांबाला लावला, मग कपाळ लावलं.

“आलं,” ती म्हणाली. “आलं रे बाळा.”

चटया गोळा करताना कितिओनेला ओंडका आणि खांब यांच्यामध्ये ठोकलेली एक पाचर दिसली. “ही कुणी बसवली?”

मला त्याच्याशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मला वाजवा, उन्हात ठेवा, हवं तर विसरा; पण ती पाचर काढू नका.

उन्हानं ओंडका आकसून खांबापासून सुटला होता. तो शेवटचा समुद्रावर गेला त्या सकाळी, होडी पाण्यात तयार असताना, पेनाईआ माघारी आला. जुन्या वल्ह्याचा एक तुकडा तासून त्यानं त्या फटीत टाचेनं ठोकला. मग माझ्यावर एकच हलकी थाप मारली. आत खांबाला टेकलेल्या आईनं मागे न बघता हात वर केला.

ते बघून तो गेला.