तिसऱ्या गाडीचा तडा

दादाचे दोन पाय तेवढे गाडीखालून बाहेर दिसत होते. मध्येच हातोडीची टकटक ऐकू येई, मग थांबे, मग टॉर्चचा उजेड मागच्या चाकाकडे सरके. त्याची धाकटी बहीण गाडीपासून चार पावलं लांब उभी राहून मालकाला बोलण्यात गुंतवत होती. कामाची ही वाटणी त्यांची ठरलेली. दादाने गाडीखाली झोपायचं, बहिणीने मालकाला जागचं हलू द्यायचं नाही. कानाशी कुणी बडबडलं की दादाला लोखंड ऐकू येत नाही म्हणे. तीन महिन्यांत ही तिसरी गाडी, आणि तिने अजून एकाही गाडीचं पोट बघितलं नव्हतं.

मालक म्हातारा होता, निवृत्त मोजणीदार. हयातभर लोकांच्या जमिनी मोजत हिंडला, त्यातली निम्मी हयात याच गाडीतून. गाडी छोटी, चौकोनी, दोन दारांची; लहान पोराला चित्र काढायला सांगितलं तर ते काढेल तशी. इंजिनाची ताकद चारही चाकांना जाणारी, आणि गिअरच्या दांड्याशेजारी तो दुसरा आखूड दांडा. तो मागे ओढला की गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू जाते, पण दगडधोंड्यांवरून, चिखलातून, उभ्या चढावरून जातेच. हल्लीच्या गाड्यांत त्या जागी एक बटण असतं. तिला बटण नको होतं.

"दांडा ओढून बघू का, काका?"

"बघा की. पण खालचे गृहस्थ आधी बाहेर येऊ देत," म्हातारा म्हणाला. "नाहीतर तुमच्याच खात्यात न्यावे लागायचे."

ती मोठ्याने हसली. तिचं खातं म्हणजे एक्सरेचं. मोठ्या हॉस्पिटलात ती बावीस वर्षं लोकांची हाडं टिपत होती. तिथे तिला सगळे एक्सरेबाई म्हणत. या म्हाताऱ्याला तिने दहा मिनिटांत स्वतःची सगळी कुंडली सांगून टाकली होती. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, तेही. त्यानंतरच्या वर्षी हॉस्पिटलातल्या भूलतज्ज्ञ बाईंनी तिला जबरदस्तीने आपल्या जीपमध्ये कोंबलं आणि कोरड्या नदीच्या पात्रातून, गोट्यांवरून अशी काही नेली की हाडं खिळखिळी झाली, आणि पलीकडच्या काठावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय. वर्षभरात पहिल्यांदा. तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच होतं: अशी एक लहान गाडी घ्यायची, दादाच्या गॅरेजमध्ये ती हवी तशी करून घ्यायची, आणि जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जायचं. जड गाडी रुतली की क्रेन बोलवा, हलकी गाडी चार माणसं ढकलून काढतात. म्हणून लहानच हवी.

काय काय करायचं त्याची यादी घरी फ्रिजवर चिकटवलेली होती, लेकीच्या अक्षरात. मोठे टायर. गाडी चार बोटं उचलायची. पोटाखाली लोखंडी पत्रा. पुढे ओढायला विंच. मागची सीट काढून पेटी. आणि सगळ्यात शेवटी लेकीने लिहिलं होतं, "शेजारची सीट माझी. नकाशा मी बघणार."

दादा सरपटत बाहेर आला. बहिणीकडे न बघता त्याने हात पुसले आणि मान हलवली.

"चासीला तडा आहे. मागच्या जोडापाशी. वरून कुणीतरी रंग फासलाय."

त्याने फोन पुढे केला. स्क्रीनवर काळ्या लोखंडातून गेलेली रेघ दिसत होती, वर जाऊन तिला दोन फाटे फुटलेले. ही गाडी बहिणीला फार म्हणजे फार आवडली होती.

"शक्य नाही हो," म्हातारा म्हणाला. "मी नाही रंग मारलेला."

"तुमच्या आधीच्याने मारला असेल."

"आधीचा कुणीच नाही. कोरी घेतलीय मी."

म्हाताऱ्याने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. आपल्याला कंबरेतून वाकता येत नाही, नाहीतर खाली शिरून बघितलं असतं, असं दोनदा म्हणाला.

निराशेने माणूस वाकडं बोलतं, तशी तीही बोलली. "काका, मी ही चढावर नेली असती आणि मधोमध दुभंगली असती, तर? विकताना माणसाने एवढं तरी बघावं."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. त्याने बोनेटवरची किल्ली उचलून खिशात टाकली.

घरी लेक वाट बघत होती. झालं ते ऐकून तिने आईच्या खांद्याला मिठी मारली. "मिळेल गं. मामाच्या नजरेतून काही सुटत नाही, हे किती बरंय. नाहीतर कुणी तुझ्या गळ्यात मारली असती." आईला ते पटलं. रात्रभर मात्र तिला तो आखूड दांडाच दिसत होता.

गुरुवारी सकाळी एका गवंड्याचं मनगट आलं. जुनं दुखणं होतं, म्हणून नव्या डॉक्टरांनी जुना एक्सरे शोधून नव्याच्या शेजारी लावला.

"उलटा आहे तो," ती लांबूनच म्हणाली.

"मनगट कळतं हो मला."

"मनगट बरोबर आहे, चित्र उलटं आहे. डाव्याचं उजवं झालंय."

डॉक्टरांनी कोपऱ्यातलं डावं-उजवं सांगणारं अक्षर बघितलं आणि मुकाट्याने चित्र फिरवलं. यात तिला काही विशेष वाटलं नाही. बावीस वर्षांत एवढं तर कुणालाही येतं. मोडलेलं हाड एकदा पाहिलं की ते तिच्या ध्यानात राहायचं. दोन माणसांची हाडं एकसारखी मोडत नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत तिने फोन काढला. भूलतज्ज्ञ बाईंनी तड्याचा फोटो मागितला होता, म्हणून. फोटो तिने दादाच्या मागे लागून मागवून ठेवले होते, पहिल्या गाडीचाही, कारण तिलाही तडाच निघाला होता, आणि तिसरीचाही. दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स कुरकुरतो असं दादा म्हणाला होता, त्याचा कसला फोटो येणार? ती बोटाने एकावरून दुसऱ्यावर गेली, आणि परत पहिल्यावर आली.

पहिल्या गाडीचा तडा बोल्टच्या भोकातून निघून उजवीकडे वर चढत होता. वर दोन फाटे. फाट्यापाशी वेल्डिंगचा एक थेंब, त्याच्याखाली गंजाचे दोन ठिपके. तिसऱ्या गाडीचा तडा बोल्टच्या भोकातून निघून डावीकडे वर चढत होता. दोन फाटे. थेंब. दोन ठिपके.

तिला पहिल्या क्षणातच कळलं होतं. पुढची दहा मिनिटं ती फोटो मोठा करून, बारीक करून बघत राहिली ती फक्त आपलंच चुकत असावं म्हणून. चुकत नव्हतं. एकच तडा होता, आरशात धरलेला.

आणि दादा गाडीखालून आला तेव्हा फोटो त्याच्या फोनमध्ये होता. म्हणजे जाताना तो घेऊनच गेला होता. मग वीस मिनिटं खाली पडून हातोडी कसली वाजवत होता? बाहेर उभ्या बहिणीला ऐकू जावी म्हणून? ही बाहेर वेड्यासारखी मालकाला गुंतवतेय आणि हा आत लोखंड वाजवत वेळ काढतोय! रागाने तिचे कान तापले. डबा न उघडता तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली.

मोजणीदाराच्या घरासमोरची जागा रिकामी होती. फरशीवर तेलाचा डाग तेवढा होता, गाडीच्या मापाचा. म्हातारा बाहेर आला आणि तिला ओळखून त्याने खुर्ची पुढे केली.

"विकली का, काका?"

"विकणार कुणाला? तुम्ही म्हणालात ते खरं होतं. उद्या कुणाचं पोर बसलं असतं त्यात आणि वाटेत दुभंगली असती, तर मला झोप लागली असती का? मंगळवारी भंगारवाल्याला बोलावलं. म्हटलं, माझ्यासमोर मधोमध काप, नाहीतर रंग मारून तूच विकशील."

"कापली?"

"इथेच. दोन तास लागले. घट्ट होती हो." त्याने डागाकडे बघितलं. "मी काही उभा राहिलो नाही तिथे. आत जाऊन बसलो."

आता तिने सांगायचं काय? काका, तुमची गाडी धडधाकट होती? आमच्या घरच्या खोटेपणापायी तुम्ही ती कापलीत? म्हाताऱ्याने उरलेला जन्म ते घेऊन काढायचं?

"तुमच्या भावाला सांगा," तो म्हणाला, "त्यांचे उपकार झाले. असं तोंडावर खरं सांगणारी माणसं राहिली नाहीत."

ती "सांगते" म्हणाली. फाटकाबाहेर आल्यावर तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

गॅरेजमध्ये दादा एका इंजिनात कोपरापर्यंत शिरला होता. तिने दोन्ही फोटो त्याच्या नाकासमोर धरले. त्याने एकदाच बघितलं आणि पाना खाली ठेवला.

"केसाने गळा कापलास दादा माझा."

"ऐकून घे आधी."

"म्हाताऱ्याने गाडी कापून टाकली. दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही म्हणून. तुझे आभार मानलेत त्याने."

हे दादाला माहीत नव्हतं. तो मागच्या टायरवर बसला.

"चासी कशी होती?" तिने विचारलं.

"चांगली होती."

"चांगली म्हणजे?"

"अशी मी दहा वर्षांत पाहिली नाही." दादा म्हणाला. "काय करू? तुला 'नको' म्हटलं असतं तर तू ऐकणार होतीस? दरीत गेलीस कुठे तर मागे काय राहतं? भीती वाटते आम्हाला."

"मला सांगायचं होतंस. भांडले असते, चार दिवस बोलले नसते. पण खोटं कशाला? मी डोळे मिटून तुझ्या शब्दावर चालले होते, दादा. तीन महिने."

"चुकलं. माझ्या एकट्याचं डोकं. सगळं मीच केलं."

'आम्हाला' आणि 'एकट्याचं' एवढ्या जवळजवळ आले की तिच्या कानाला खटकलं. तिने फोटोकडे पुन्हा बघितलं. मग फोन त्याच्या हातात दिला.

"हा उलटा कसा केलास? करून दाखव."

"आता?"

"आता."

दादाने बोट पँटला पुसलं. फोटोवर ठेवलं. फोटो मोठा झाला. त्याने बोट सरकवलं, तर लेकीच्या वाढदिवसाचा फोटो आला. घाईने मागे गेला, तर फोटो बंद होऊन घड्याळ आलं. पन्नाशी उलटलेला माणूस, कुठलंही इंजिन डोळे झाकून उतरवणारा, त्या काचेवर बोट धरून बसून राहिला. तिने हळूच फोन काढून घेतला.

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, त्याकडे दादाने लक्ष दिलं नाही.

"तिला काही बोलू नकोस," तो शेवटी म्हणाला. "बाप गेल्यापासून पोर फार घाबरते. माझ्या पाया पडली होती."

ती चालत घरी गेली. पाऊण तासाची वाट होती, बस तीनदा शेजारून गेली. मिठी मारून "मिळेल गं" म्हणालेली लेक तिला पुन्हा पुन्हा आठवत होती, आणि त्या मिठीचीच चीड येत होती. दादाला चार शिव्या तरी देता आल्या. हिला काय देणार?

लेकीने दार उघडलं. आईची चप्पल धुळीने भरलेली, डबा तसाच जड.

"कुठे होतीस? फोन का नाही उचललास?"

"मोजणीदार काकांकडे गेले होते. म्हटलं, गाडी पुन्हा एकदा बघावी. स्वतः खाली शिरून."

लेकीचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला.

"मग?"

"भंगारात गेली. कापली त्यांनी."

लेकीचे खांदे खाली आले, कपाळ मोकळं झालं, श्वास सुटला. एक्सरेच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना 'काही मोडलेलं नाही' म्हणून सांगितलं की त्यांचं असंच होतं. आई ते बावीस वर्षं रोज बघत होती. मग लेक म्हणाली, "अरेरे."

आई आत आली. डबा ओट्यावर ठेवला, हात धुतले, हात पुसले.

"रविवारी चौथी गाडी बघायला जाणार आहे मी," ती म्हणाली. "जाहिरात आलीय."

"मामाला कळवते मी."

"मामा नाही. मी एकटी जाणार."

"एकटी कशाला? मी येते ना. शेजारची सीट माझीच आहे."

आईने तिच्याकडे नीट बघितलं. पोरीचा चेहरा अगदी बापासारखा होता, आणि घाबरलेला होता, आणि तिला तो या क्षणी जवळ घ्यावासा वाटला नाही.

"नको," ती म्हणाली, आणि पानं वाढायला घेतली.