छतावरची झडप

नेव्हिलने पटाशी प्लायच्या कडेत घालून जरासा जोर दिला, तर अख्खा तुकडाच त्याच्या हातात आला. मागची लाकडी पट्टी चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखी झाली होती. बोट लावलं की भुगा गळायचा.

“हीपण गेली,” तो स्वतःशीच म्हणाला आणि तो भुगा त्याने बादलीत लोटला.

हिवाळाभर त्याचं हेच चाललं होतं. सुट्टी मिळाली की आईच्या दारात उभ्या असलेल्या या जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये, गाडीमागे जोडून न्यायच्या या चाकांवरच्या घरात, गुडघे टेकून बसायचं आणि सडकं लाकूड उपसायचं. एक भिंत नवी करावी तर शेजारची ओली निघायची. आठवडाभर बस चालवून पाठीचे आधीच बारा वाजलेले, त्यात हे. पण एनिडला, त्याच्या आईला, मे महिन्यात समुद्रकाठच्या व्हिटबीजवळ, कॅरॅव्हॅनवाल्यांच्या तळावर जायचं होतं. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच. तिथल्या मंडळींनी तिची जागा अडवून ठेवली होती; या खेपेला व्हॅन नेली नाही तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. आई हट्ट करत नव्हती. दर रविवारी एवढंच विचारायची, “होईल ना रे?” या प्रश्नाचा त्याला आताशा राग यायला लागला होता.

ती चहाचे दोन मग घेऊन आत आली, ते ओट्यावर ठेवले, आणि आधी वर हात करून छतावरच्या झडपेची कडी चाचपली.

“आई, कुणी उघडलीच नाहीये ती.”

“बघायला काय जातंय?”

व्हॅनच्या भिंतीवर ओलीचा पहिला काळा डाग उमटला, त्या वर्षी रॉयस्टनने, तिच्या नवऱ्याने, सगळ्या तळासमोर जाहीर केलं होतं की हिवाळाभर एनिडने झडप उघडी ठेवली. चिडून नव्हे हो. हातात बिअर घेऊन, हसत हसत. म्हणून तर ते कायमचं चिकटलं. पुढे दर वर्षी त्यांची गाडी तळावर शिरली की कुठल्या तरी खुर्चीतून हाक यायची, “एनिड, झडप लावलीस का गं?” आणि सगळे खो-खो हसायचे. तीही हसायची. घरी मात्र गॅस, नळ, मागचं दार सगळं दोन-दोनदा तपासायची, आणि अर्ध्या जेवणातून उठून पुन्हा बघून यायची.

“माझ्या एका विसरभोळेपणापायी तुझी किती आबाळ रे,” ती आता म्हणाली. “धड झोपसुद्धा नाही तुला.”

नेव्हिलने चहाचा मग उचलला आणि तसाच खाली ठेवला. खरं काय ते त्याला मागच्याच रविवारी कळलं होतं. बाहेरच्या कोपऱ्यावरची पत्र्याची पट्टी त्याने उघडली तेव्हा फटी बुजवायच्या पांढऱ्या सिलिकॉनचे थरावर थर सोलून निघाले. गेलेल्या माणसाशी आता काय भांडायचं, असं म्हणून तो गप्प बसला होता. पण आज कडीवरचा तिचा हात पाहून त्याला राहवेना.

“आई, इकडे ये. झडपेभोवती हात लावून बघ. कसं लागतंय?”

“कोरडं.”

“आता या कोपऱ्यात लाव.”

तिचं बोट ओलं होऊन आलं. तिने ते त्याच्यापुढे धरलं.

“पाणी वरून आलंच नाही,” तो म्हणाला. “कोपऱ्यांतल्या स्क्रूंमधून आलं. तिथे पत्र्याखाली कायम मऊ राहणारी पट्टी असते, ती वाळली की सगळं उघडून नवी बसवायची. बाबांनी ते कधी केलंच नाही. वरून बाथरूमचं सिलिकॉन भरत गेले. त्याने आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाटच बुजली.”

रॉयस्टनचा तो सोहळाच असायचा. सप्टेंबरच्या अखेरीस, व्हॅन बंद करायच्या आधी शिडी लावायची, सिलिकॉनची रेघ ओढायची आणि थुंकी लावलेल्या बोटाने ती गुळगुळीत करायची. मग खाली उतरून म्हणायचं, “बघा, आता थेंब शिरणार नाही!”

“म्हणजे मी नाही,” एनिड म्हणाली.

“तू नाहीस.”

“झडप उघडी राहिली असती तरी?”

“तरी एवढं झालं नसतं.”

ती हत्यारांच्या पेटीवर बसली. “मेला,” ती म्हणाली, आणि तो खरंच मेलाय हे आठवून जरा थांबली. “एवढी वर्षं चार लोकांत माझं हसं केलं!”

मग एकदम तिचा चेहरा उतरला.

“अरे, पण तो सगळ्यांच्याच व्हॅनना भरायचा रे! खांद्यावर शिडी घेऊन, फुकटात. तळावर मुरीएलची तर आमच्या शेजारीच. त्यांचीही अशीच कुजली असेल. सांगायला हवं.”

तिने तिथल्या तिथे फोन लावला. एनिडला कमी ऐकू यायचं म्हणून फोन कायम स्पीकरवर असायचा, त्यामुळे मुरीएलचा आवाज व्हॅनभर घुमला.

“एनिड! झडप लावलीस का गं?”

“लावली. मुरीएल, नीट ऐक. तुमच्या व्हॅनचे कोपरे उघडून बघा. रॉयस्टन ते सिलिकॉन भरायचा ना, त्यानेच आमची आतून कुजलीय. झडपेने नाही.”



“अगं, ते होय!” मुरीएल म्हणाली. “ते आमच्या स्टॅनने केव्हाच काढलं. रॉयस्टन भरून गेला की पुढच्या आठवड्यात जाऊन आम्ही खरवडून टाकायचो. सगळेच टाकायचे.”

“सगळेच?”

“केवढा उत्साह असायचा त्याचा! कोण बोलणार? वाईट वाटलं असतं बिचाऱ्याला.”

“आणि झडप?”

“ती आपली गंमत गं. तू काय मनाला लावून घेतलंस की काय?”

“छे गं,” एनिड म्हणाली.

“मेमध्ये येतेयस ना? तुझी खुर्ची अगदी मधोमध मांडणार आहोत.”

“बघते.”

तिने फोन बंद करून मांडीवर ठेवला. बाहेर मार्चच्या पावसाची बारीक भुरभुर चालली होती. कुठे बघावं ते नेव्हिलला कळेना, म्हणून तो पटाशीच पुसत बसला.

“तुझ्या बाबांना वाईट वाटू नये म्हणून,” ती म्हणाली. “माझं कुणाच्या डोक्यातच आलं नाही बघ.”

त्याने भुग्याची बादली दाराकडे सरकवली.

“मेची घाई करू नकोस रे.”

हे ऐकायला तो हिवाळाभर आसुसला होता. आता ऐकलं तर तोच तिला अडवायला लागला.

“जागा जाईल, आई.”

“जाऊ दे.”

“मग ही भंगारात काढायची का?”

“भंगारात कशाला? सावकाश कर. पण नीट कर.” तिने गार झालेला चहा तळापर्यंत पिऊन टाकला आणि तोंड वाकडं केलं. “नेव्हिल, समुद्र काय व्हिटबीलाच आहे का रे?”

“नाही,” तो म्हणाला. “बेटावर राहतो आपण. चारी बाजूंनी आहे.”

“मग झालं तर.”